उजव्या कानातली हाक

साल अठ्ठ्याऐंशी, चैत्राचे दिवस. कान तपासून घेण्यासाठी मुंजाबाला कारखान्यातून एक दिवसाची सुटी मिळाली होती. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पत्रा कापणाऱ्या प्रेसवर त्याची नऊ वर्षं गेली होती. मशीन आदळलं की पायाखालची फरशी हादरायची. पहिलं वर्षभर घरी आल्यावरही ते कानात आदळतच राहायचं. मग हळूहळू सगळंच लांब गेलं. आधी चिमण्या गेल्या, मग पावसाचा आवाज, मग लेकीचं बोलणं. मागून येणारी रिक्षा कळेना, म्हणून औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरकडे जाताना बायको बानाबाई त्याचा दंड धरून चालत होती.

कुणाला खरं वाटलं नसतं, पण एके काळी हा माणूस कानांसाठीच ओळखला जायचा. सोयगावकडच्या डोंगरात तो बापाची दोनशे मेंढरं राखायचा. डोळे मिटून सांगायचा, कोणती लंगडतेय, कोणतं कोकरू आईपासून चुकलंय. दोनशे आवाजांतला एक उचलला की बाकीचे आपोआप मागं सरायचे. जोडीला ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतला धोंडिबा असायचा, गुरं घेऊन. त्यांचा एक खेळ होता. एकानं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं कपारीत लपून ‘कुऊऊ’ करायचं आणि पहिल्यानं मिटल्या डोळ्यांनी हाकेकडं बोट करायचं. मुंजाबाचं बोट कधी चुकलं नाही. करवंदीच्या जाळीचा वास, तापलेला कातळ, लांबून हसत येणारा धोंडिबा... प्रेसवर उभं असताना हे सगळं त्याला दिसायचं. आवाज मात्र आठवेनासा झाला होता.

दवाखान्यात मशीन चालवणाऱ्या बद्रीनाथनं त्याला एका लहानशा खोलीत बसवलं. भिंतींना गोधडीसारखं जाड अस्तर, समोर एक काच, कानांवर हेडफोन. ज्या कानात आवाज येईल त्या बाजूचं बोट वर करायचं, असं त्यानं खुणांनी समजावलं. दार लागलं.

नऊ वर्षांत मुंजाबा इतक्या शांततेत बसला नव्हता. श्वास... छातीतले ठोके... थुंकी गिळल्याचा आवाज. आत आपण आहोत, हे त्याला किती दिवसांनी जाणवलं! दोनदा बारीक शिट्टी आली, त्यानं बोट वर केलं. मग बराच वेळ काहीच नाही.

आणि मग उजव्या कानात, लांबून... कुऊऊ.

बोट वर गेलं नाही. ते आपोआप उजवीकडच्या भिंतीवर रोखलं गेलं. पुन्हा हाक आली, पाठीमागून. बोट मागं वळलं. तिसरी हाक इतकी जवळून आली, की कानाच्या पाळीला ऊब लागली. धुराचा वास आला.

अठ्ठ्याहत्तर सालचा आषाढ सरत होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि गावोगाव वस्त्या पेटल्या. त्या रात्री ओढ्यापलीकडं लाल उजेड दिसत होता. मुंजाबा घरातच बसून होता. आरडाओरडा, कुत्री, तडकणारे पत्रे... त्या सगळ्यांतून त्याच्या कानानं एकच हाक उचलली होती. तीन वेळा. बानाबाईनं विचारलं होतं, “काय ऐकू येतंय का वं?”

“कुत्री हायती,” तो म्हणाला होता.

धोंडिबानं आईला बाहेर काढलं, पुन्हा पेटत्या घरात गेला, तो आलाच नाही. पुढच्याच वर्षी मुंजाबानं मेंढरं विकली आणि शहर गाठलं.

दार उघडलं. बद्रीनाथचा चेहरा उतरला होता. तो बाहेर बसलेल्या बानाबाईला म्हणाला, “मावशी, हे सारखं भिंतीकडं बोट करत होते... पण तेव्हा मी मशीन बंद केलेलं होतं.”

मुंजाबाला ते ऐकू आलं नाही. बायकोच्या कानात सांगावं तसं तो बोलला, पण बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. “बाने, त्या राती मला ऐकू आलं हुतं! धोंड्या हाक मारत हुता. मी खोटं बोललो!”

सगळा दवाखाना वळून बघू लागला. बानाबाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला, तेव्हा कुठं तो गप्प झाला.

“घरी चला,” तिनं खुणावलं.

“नाय. गोजरमावशीकडं.”

धोंडिबाची आई गोजरबाई मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं राहते, हे त्याला ठाऊक होतं. त्याच मुकुंदवाडीत राहून नऊ वर्षं तो त्या गल्लीला वळसा घालून जात आला होता. उन्हं कलताना दोघं तिथं पोचले. भिंतीवर ‘नामांतर झालंच पाहिजे’ ही निळी अक्षरं पुन्हा पुन्हा गिरवलेली होती. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत होती. मुंजाबा तिच्या पायाशी बसला आणि रडत रडत, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यानं सगळं सांगितलं.

गोजरबाईनं हातातली शेंग सुपात टाकली. मग बानाबाईकडं वळून हलक्या आवाजात म्हणाली, “धोंडूनं हाक न्हाय मारली गं. धुरानं त्याचा गळा बसला हुता. आम्ही दोघं बांधाआड तोंड दाबून पडलो हुतो. मंग एकदम उठला. कसाबसा म्हणला, ‘आई, आपल्या घरात मुंजा हाय... हाक मारतोय.’ म्या पदर टाकून धरलं, तर हिसडा मारून गेला.”

“पर हे तर माझ्या शेजारी हुते,” बानाबाई कुजबुजली. “आमच्या घरात...”

“म्याबी ऐकली ती हाक. मुंजाचीच हुती.”

मुंजाबा दोघींच्या ओठांकडं बघत होता. “काय म्हणत्यात मावशी?”

बानाबाई त्याच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, “पाणी प्या म्हणत्यात!”

गोजरबाईनं तांब्या पुढं केला. डोंगरात धोंडिबाच्या फडक्यातली भाकर त्यानं खाल्ली होती, पण गावात त्याच्या घरचं पाणी कधी घेतलं नव्हतं. आज त्यानं दोन्ही हातांनी तांब्या तोंडाला लावला आणि डोळे मिटून घटाघटा पिऊ लागला. कितीतरी वर्षांनी त्याचा चेहरा निवला होता.

तेवढ्यात मागच्या अंधाऱ्या खोलीतून हाक आली... कुऊऊ.

बानाबाईनं तो आवाज ओळखला. ज्याच्याशी वीस वर्षं संसार केला, त्याचाच होता. फक्त कोवळा, डोंगरातल्या वयाचा. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तांब्या अजून त्याच्या तोंडालाच होता.

गोजरबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि रोजचं काम असावं तशी त्या खोलीचं दार ओढून बाहेरून कडी घातली.