चार गोळ्यांचं शहाणपण

निहारचा घसा तीन आठवड्यांपूर्वी दुखला होता, आणि तो बराही झाला होता. मग आता त्याचा गुडघा का सुजला? तो पडला नव्हता, कुठे आपटला नव्हता. दुसऱ्या दिवशी गुडघ्याची सूज उतरली आणि कोपर सुजलं. तिसऱ्या दिवशी दुसरा गुडघा. ताप होताच. सहा वर्षांचा माझा भाऊ घरात कधी चालत नसे, पळतच असे. तो पलंगावरून पाय खाली ठेवायला तयार होईना.

मी इरा, वय बारा. ही गोष्ट सांगताना मी स्वतःला सोडणार नाही, कारण बाकी सगळ्यांनी सोडलंय.

आम्ही मूळचे विट्याचे. आई-बाबा आता वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात पवनचक्क्यांवर काम करतात, म्हणून किनाऱ्यावरच्या कामगार वसाहतीत राहतो. ते पंधरा दिवस समुद्रात आणि पंधरा दिवस घरी. ते नसताना आमच्याकडे अश्विन असतो. अश्विन म्हणजे शुश्रूषा-यंत्रमानव (आजारी माणसाची काळजी घेणारा रोबो). तो कधी चिडत नाही. मला हा त्याचा सर्वात मोठा दोष वाटतो.

दोन महिन्यांपूर्वी माझा घसा धरला होता. अश्विनने घशाचा नमुना तपासला आणि सकाळ-संध्याकाळ एक अशी दहा दिवसांची गोळी दिली. चौथ्या दिवशी मला खडखडीत बरं वाटलं. मग मी अश्विनसमोर गोळी तोंडात टाकायची, आणि त्याची पाठ फिरली की काढून, पुसून, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. आमच्या घरात काही वाया जात नाही. आई रबरबँडसुद्धा जपून ठेवते. मी गोळ्या जपल्या, आणि त्याचं मला फार कौतुक होतं.

नंतर निहारचा घसा दुखायला लागला. गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, गळ्याशी गाठी आल्या होत्या. अश्विन कापूस लावलेली काडी घेऊन आला.

"नमुना घ्यायला हवा. एक मिनिट लागेल."

"नको! मला उलटी होते!" निहार माझ्यामागे लपला. शुक्रवारी त्याची धावण्याची शर्यत होती. नमुन्यात काही सापडलं असतं, तर अश्विनने शाळेला कळवलं असतं.

घरातल्या थोरल्याने 'नको' म्हटलं, की अश्विन जबरदस्ती करत नाही. आई-बाबा नसताना थोरली मीच. मी म्हणाले, "नको."

"आईला कळवू?"

"मी सांगते." मी सांगितलं नाही.

सेवा मात्र मी मनापासून केली. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला लावल्या, मऊ भात भरवला, थोडं थोडं पाणी पाजत राहिले. आणि डब्यातल्या चार गोळ्या दोन दिवसांत दिल्या. ताप उतरला, म्हणून बाकीच्या परत ठेवून दिल्या. शुक्रवारी निहार पळाला आणि दुसरा आला. आई पडद्यावरून म्हणाली, "शहाणी गं माझी बाई! आता मला तुमची काळजी नाही." मी दिवसभर अभिमानाने फुगून फिरत होते.

आणि आता हा गुडघा. आई-बाबा मिळेल त्या बोटीने परत आले. अश्विनने निहारच्या छातीला यंत्र लावलं आणि बराच वेळ ऐकत राहिला. संध्याकाळी मी अश्विनला एकट्याला गाठलं आणि चार गोळ्यांचं सगळं सांगितलं.

"घशाचा आणि गुडघ्याचा काय संबंध?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा घसा विषाणूंमुळे दुखतो. तो आपोआप बरा होतो, गोळ्या लागत नाहीत. पण कधी कधी घशात स्ट्रेप्टोकॉकस असतो (मण्यांच्या माळेसारखे दिसणारे जिवाणू). घसा कशामुळे दुखतोय, ते नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून ती काडी."

"पण ताप तर उतरला होता."

"चार गोळ्यांनी बरेच जिवाणू मेले. काही उरले. शरीर त्यांच्याशी लढत राहिलं. त्यासाठी ते प्रतिपिंडे बनवतं (जंतूला खुणेवरून ओळखून त्याला चिकटणारी हत्यारं). गोंधळ असा, की या जिवाणूच्या अंगावरची खूण आपल्या हृदयातल्या आणि सांध्यांतल्या काही भागांसारखी दिसते."

"म्हणजे?"

"जत्रेत निळ्या सदऱ्याचा चोर शोधताना पोलिसांनी निळ्या सदऱ्याच्या प्रत्येकाला बडवावं, तसं. शरीराची फौज सांध्यांवर चालून जाते, आणि हृदयाच्या झडपांवरही (रक्त एकाच दिशेने जाऊ देणारी दारं). याला संधिवाताचा ताप म्हणतात. सांधे बरे होतात. झडप नेहमीच होते असं नाही."

"निहारची?"

"एक झडप नीट मिटत नाही. थोडं रक्त मागे गळतं."

मला वाटलं होतं तो ओरडेल. निदान 'मी सांगत होतो' असं तरी म्हणेल. त्याने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. आई-बाबांना सांगितलं, तर आई म्हणाली, "तू लहान आहेस, चूक आमची आहे," आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. समुद्रात डोंगराएवढ्या पवनचक्क्या उभ्या करणारी माणसं आम्ही, आणि एक कापसाची काडी आम्हाला जड झाली. मला या सगळ्याचा संताप येतो.

"आता पुढे?" मी अश्विनला विचारलं.

"दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, बरीच वर्षं. घशात पुन्हा हे जिवाणू वाढू द्यायचे नाहीत. एकही चुकलं नाही, तर गळती कमी होऊ शकते, कधी कधी थांबतेही. आणि लशीवर काम चालू आहे. जिवाणूच्या खुणेतला हृदयासारखा दिसणारा तुकडा वगळून ती बनवतायत. यंदा ती मुलांना देऊन बघतील."

"निहारला उपयोग?"

"त्याचं झालेलं नुकसान लस भरून काढणार नाही. पण ती यशस्वी झाली, तर पुढच्या मुलांना हे होणार नाही."

काल त्याचं दुसरं इंजेक्शन होतं. दवाखान्याच्या बाकावर निहार माझ्या शेजारी बसला होता. पळायची अजून परवानगी नाही, म्हणून बसूनच पाय हलवत होता.

"ताई, माझं हृदय कशामुळे बिघडलं?"

अश्विनने ते त्याला समजावलं होतं, जंतू, फौज, सगळं. माझा भाग गाळून. मी तो सांगितला. डबा, चार गोळ्या, 'नको' आणि आईपासून लपवणं. काही गाळलं नाही.

त्याचे पाय हलायचे थांबले.

"मला तुझा खूप राग आलाय," तो म्हणाला. "खूप दिवस येणार आहे."

"येऊ दे."

आतून त्याच्या नावाची हाक आली. तो बाकावरून उतरला, दोन पावलं एकटाच गेला, आणि मागे वळून त्याने हात पुढे केला.

"चल. पण बोलू नकोस."