माळकऱ्यावर अंड्याचा आळ

"बाई, आमच्या बोटीवर अंड्याचा वास येतोय. आणि आम्ही जैन हाय."

एवढं सांगून श्रीपाल मगदूमनं मान खाली घातली. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या मधुवंतीच्या खासगी तपासाच्या ऑफिसात चोऱ्या-फसवणुकीची गाऱ्हाणी रोजची, पण हे नवीनच होतं. तिचा सहकारी वरद हसू दाबत खिडकीबाहेर बघू लागला.

श्रीपालची हाउसबोट कुरुंदवाडजवळ कृष्णेत उभी असायची. शनिवार-रविवार पाहुणे राहायचे. अलीकडे न्हाणीत गरम पाण्याचा नळ सोडला की कुजक्या अंड्याचा भपकारा यायचा.

"तुम्ही कधी अंडं हुंगलंय?" वरदनं विचारलं.

"न्हाय की! पाहुणे सांगत्यात, आम्ही मानतो."

"संशय कुणावर?" मधुवंती म्हणाली.

"संशय कसला, काढून टाकला त्याला. ज्ञानू, आमचा नावाडी. पाण्याच्या टाकीत त्यानंच अंडं फोडलं असणार. पण तो जाऊन महिना झाला, तरी वास हायच. आता पाहुणे येईनात."

दुपारी ती दोघं बोटीवर पोचली. मधुवंतीनं आधी थंड पाण्याचा नळ सोडला. वास नाही.

"दोन्ही नळ एकाच टाकीचे?"

"एकाच. गरम तेवढं गिझरमधनं येतं."

मग तिनं गरम नळ सोडला. वरद नाक धरून बाहेर पळाला. ती मात्र धारेखाली हात धरून उभी राहिली. न्हाणीचं पाणी खाली थेट नदीत पडत होतं.

स्वयंपाकघरात श्रीपालची आई अंजना भाताची पेज गाळत होती. पातेलं तिनं कठड्याशी निवायला ठेवलं.

"ओतून टाका की, मावशी," वरद म्हणाला.

"गरम कसं ओतू, बाळा? नदीत जीव हायत."

भांडी घासणाऱ्या बनाबाईला मधुवंतीनं विचारलं, "वास रोज येतो?"

"रोज कुठला! आठवडाभर बोट रिकामी असती. शनिवारी पहिला नळ सोडला की वकारी येती. रविवारपर्यंत कमी होतंय. आणि पाहुण्यांची दुसरीच बोंब, गरम पाणी गरम न्हाय म्हणून."

मग श्रीपालला घेऊन दोघं ज्ञानूच्या घरी गेली. तो पायरीवर बसला होता. गळा मोकळा होता.

"माळकरी माणूस मी, ताई. अंड्याला हात लावीन व्हय? भजनी मंडळानं माळ काढून घेतली. टाळ गेला. आता देवळाच्या भिंतीबाहेर बसून कीर्तन ऐकतो."

कीर्तनावर मधुवंतीचाही जीव होता.

"गिझरला तुम्ही हात लावायचा?"

"पाहुणे वरडायचे, म्हणून पाणी जास्त तापवायचं बटण वर करायचो. सकाळी बघावं तर परत खाली. वाटलं, मालक वीज वाचवत्यात."

"मी? मी बटण बघितलं बी न्हाय!" श्रीपाल चमकला.

मधुवंतीनं सगळ्यांना परत बोटीवर आणून बसवलं.

"टाकीत अंडं असतं तर थंड पाण्यालाही वास आला असता. म्हणजे दोष गिझरमध्ये. माणूस गेला तरी वास राहिला, म्हणजे दोष ज्ञानूत नाही. पाणी साचून राहिलं की वास वाढतो, वापरलं की कमी होतो. म्हणजे आत काहीतरी वाढतंय. कोमट, कोंडलेल्या पाण्यात बारीक जीव पोसतात. गिझरमध्ये गंज लागू नये म्हणून एक कांडी असते, तिच्यामुळं त्यांना आणखी बळ येतं. तेच हा वायू सोडतात. कडक तापवलं असतं तर ते जगलेच नसते."

"मग बटण खाली कोण करायचं?" वरदनं विचारलं.

"पेजसुद्धा निववल्याशिवाय जी नदीत ओतत नाही, ती न्हाणीचं कढत पाणी नदीत पडू देईल?"

अंजना हळूच म्हणाली, "मीच करत होते. मासे भाजतील म्हणून. कुणाला सांगावं असं वाटलंच न्हाय."

"अव्वा, तू?" श्रीपाल आईकडं वळला.

"वास जाईल कसा?" वरद म्हणाला.

"गिझर रिकामा करायचा. ब्लीचिंग पावडरीचं पाणी भरून ठेवायचं, धुऊन काढायचं. कांडी बदलायची आणि यापुढं कडक तापवायचं."

"म्हणजे आतले सगळे मरणार," अंजना म्हणाली. "मीच पोसले, आता मीच मारायचे." ती उठून आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

संध्याकाळी श्रीपालनं भर देवळात, कीर्तन सुरू व्हायच्या आधी, हात जोडून सगळं सांगितलं. मंडळाच्या गणपतरावांनी स्वतः ज्ञानूच्या गळ्यात माळ घातली. कीर्तनकार बुवांनी त्याला कवटाळलं. वरदचे डोळे भरून आले.

ज्ञानू रांगेत जाऊन बसला. डावीकडचा माणूस थोडा सरकला. मग उजवीकडचाही.

पहिला अभंग संपायच्या आत ज्ञानू उठून बाहेर आला आणि भिंतीला टेकला. मधुवंती मागोमाग गेली.

"आत बसा की, दादा. जागा आहे."

"जागा हाय वो, ताई," ज्ञानू म्हणाला. "पण मी बसलो की ती लय मोठी होतीया."