तीन गुरुवार आधी

बसमध्ये मगरीला जागाच नव्हती. म्हणून ती शेजारच्या माणसाच्या मांडीवर बसली.

कापडी मगर होती, पण चांगली दोन हात लांब, आणि जबड्यात पांढरेशुभ्र मोठाले दात. मार्लेनीने ती मानिसालेस शहराच्या बाजारातून मुलांसाठी घेतली होती. सालामीनाच्या घाटात बस वळली की मगरीचं नाक त्या माणसाच्या हनुवटीला लागायचं.

"माफ करा हं," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

"असू दे. पण हिची वरची डावी दाढ किडलीय."

"काय?"

"खरंच. गोड खात असणार. ब्रश कोण करतं हिला... तू?"

पहिल्याच भेटीत 'तू'! समुद्राकडचा दिसतोय, मार्लेनीने ताडलं. इथल्या डोंगरात नवरा-बायकोही एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात, आणि घरच्या कुत्र्यालाही. ती मान वळवून बाहेर बघत राहिली. बाहेर धुकं, कॉफीची ओली झाडं... आणि काचेत त्याचं हसू.

गुरुवारी गावच्या दवाखान्यात गेली, तर तोच! ग्रामीण सेवेचं सक्तीचं वर्ष काढायला समुद्रकाठच्या सांता मार्ताहून आलेला दातांचा नवा डॉक्टर, येसिद.

"मगर कशी आहे?" त्याने विचारलं.

"आधी नियम ऐका," मार्लेनी म्हणाली.

आई-वडिलांपासून दूर, दुसऱ्यांच्या घरी सांभाळायला ठेवलेल्या बेचाळीस मुलांच्या तब्येतीचं सगळं काम तिच्याकडे होतं. मारहाण, उपासमार, काय काय सोसून आलेली मुलं ती. पांढरा कोट घालायचा नाही. दार उघडं ठेवायचं. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मुलाने हात वर केला की थांबायचं, अगदी काम अर्ध्यावर असलं तरी.

"आणि जाणार असाल, तर तीन भेटी आधी सांगायचं. त्यांच्या आयुष्यातून माणसं न सांगता गेलीत, डॉक्टर."

येसिदने मान डोलावली, कोट काढून खुंटीला लावला आणि थंडीने कुडकुडत बसला. दुसऱ्या दिवशी मार्लेनीने आपल्या भावाचा लोकरी स्वेटर आणून त्याच्या टेबलावर ठेवला. "कुणाचा आहे?" त्याने विचारलं. "दवाखान्याचा," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

बेचाळिसांत एक होती कारोल. सहा वर्षांची, चार दाढा किडलेल्या. ओमायरामावशी तिला सांभाळत होती. कारोल कुणापुढे तोंड उघडत नव्हती. असंच चाललं तर शहरात नेऊन, पूर्ण भूल देऊन दाढा काढाव्या लागणार होत्या, आणि भुलीचं नुसतं नाव निघालं तरी ती टेबलाखाली जाऊन बसायची.

येसिदने घाई केली नाही. तीन गुरुवार तो नुसती खुर्ची वर-खाली करत राहिला. मग कारोलने मगरीचे दात मोजले. मग येसिदचे.

"एकतीसच आहेत," तिने जाहीर केलं.

"एक मार्लेनी मॅडमने रागाच्या भरात पाडला," तो म्हणाला.

"अजून एकतीस शिल्लक आहेत, लक्षात ठेवा," मार्लेनी दारातून म्हणाली. कारोल हसली, आणि हसताना तिचं तोंड उघडलं.

सप्टेंबरपर्यंत उजवीकडच्या दोन्ही दाढा भरून झाल्या. काम आटोपलं की येसिद आणि मार्लेनी दवाखान्याच्या पायरीवर काळी कॉफी प्यायचे. तो वाऱ्याला नावं ठेवायचा, ती त्याच्या बडबडीला. एकदा पाऊस आला. पायरीवरच्या पत्र्याखाली जागा एकाचीच होती... दोघं मावले.

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी कारोलने विचारलं, "डावीकडच्या पण तुम्हीच भरणार ना?"

"हो तर! तुझे सगळे दात म्हातारी होईपर्यंत मीच बघणार."

मार्लेनीच्या हातातला कागद तसाच राहिला. कारोल अंगणात पळाल्यावर ती म्हणाली, "तीस तारखेला वर्ष संपतंय ना तुमचं?"

"ती इतकी खुशीत होती... जिवावर आलं सांगायचं."

"तिची आई 'दुकानात जाऊन आलेच' म्हणून गेली होती, येसिद."

तो लगेच उठला. अंगणात जाऊन कारोलसमोर उकिडवा बसला. "मी चुकीचं बोललो. मला जायचंय. अजून तीन गुरुवार आहेत माझे."

कारोलने हात वर केला. थांबायचा हात. तो थांबला.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. येसिद दार उघडं ठेवून रिकाम्या खुर्चीशेजारी बसून राहायचा. मार्लेनीला त्याच्याकडे बघवत नव्हतं. आणि स्वतःच्या मनातलं त्याने तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

शेवटच्या गुरुवारी ओमायरामावशीचा आवाज आला, "आलो गं बाई! हिने इथे यायला काल रात्रीच बूट बाहेर काढून ठेवलेत."

कारोल सरळ खुर्चीत चढली. "मला राग आलाय," ती म्हणाली, आणि तोंड उघडलं. डावीकडची एक दाढ भरून झाली. उरली एकच. निघताना तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. "हं, आता जा."

पायरीवर येसिद बराच वेळ कप फिरवत बसला. "सांता मार्ताला काकांचा दवाखाना आहे. तिथे जातोय. पण इथल्या जागेसाठी अर्ज केलाय. उत्तर जानेवारीत. येतो असं म्हणणार नाही मी, उत्तर येईपर्यंत. नुसतं... तू आवडतेस, एवढं आजच सांगतो. हे नक्की आहे."

मार्लेनीने पर्स उघडली. आतून एक घडी घातलेला कागद काढून त्याच्यापुढे धरला. बसचं तिकीट. आठ जानेवारी, सांता मार्ता.

"हे... कधी काढलंस?"

"परवा. आठ दिवसांची रजा आहे."

"आणि मला आज सांगतेस?"

"काल ओमायरामावशीकडे जाऊन कारोलला आधी सांगावं लागलं. कुठे जाते, किती दिवस, परत कधी येते." तिने त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि स्वतः एक घोट घेतला. "तिने विचारलं, डॉक्टरांना माहीत आहे का? म्हटलं, नाही गं... धीरच होत नाही. तर म्हणाली, तोंड उघडा फक्त. दुखत नाही."