एकेचाळिसावं झाड

वनशास्त्राची पदवी घेतलेली बाई चार भिंतींच्या आत बियाणं मोजत का बसते, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी हा विषय काढत नाही.

शेवटच्या वर्षाला आम्हाला झाडमोजणी होती. विद्यापीठापासून दीड तासावर निलगिरीची जुनी लागवड, तिच्यात दोरी लावून आखलेले चौकोन. एका चौकोनाला दोघं. एकाने टेप घेऊन झाडाझाडाशी जायचं, छातीच्या उंचीवर घेर मोजायचा आणि आकडा ओरडून सांगायचा. दुसऱ्याने मधल्या खुंटीपाशी उभं राहून तक्ता भरायचा. झाडाचा क्रमांक, घेर, आणि जिवंत की वाळलेलं. बस.

माझी जोडीदार माझ्याच खोलीतली मैत्रीण. तिला सगळे भोंगा म्हणायचे. ती न्हाणीघरात गुणगुणली तरी खालच्या मजल्यावरच्यांची झोपमोड व्हायची. म्हणून ओरडायला ती, लिहायला मी.

दुपारचे तीन वाजले असतील. वनरक्षक काकांनी जीप रस्त्याच्या कडेला लावली. "मागच्या मोजणीला तुमच्या चौकोनात चाळीस झाडं होती," ते म्हणाले. "तासाभरात आटपा पोरींनो, धुकं उतरतंय." ते जीपपाशीच थांबले.

आत पाखरू नव्हतं. सरळसोट पांढरट बुंधे, ओळीने उभे. सुटलेल्या सालीच्या पट्ट्या वाऱ्याने बुंध्यांवर घासत होत्या. कोणीतरी कोरडे हात चोळत बसलंय असं वाटावं. वास मात्र आजारपणाचा, छातीला चोळायच्या मलमाचा.

पहिली दहा-बारा झाडं झपाट्याने झाली. भोंगा खच्चून आकडे सांगत होती, मध्येच मला चिडवत होती. मग धुकं दोरीच्या आत आलं आणि ती दिसेनाशी झाली. आवाज येत राहिला, पण हळू झाला.

"तेरा... घेर एकाहत्तर... जिवंत."

"काय गं, बॅटरी उतरली का?" मी हसून ओरडले.

थोड्या वेळाने, तसंच सावकाश, "चौदा... घेर अडुसष्ट... जिवंत."

मला वाटलं, रुसली असेल. मी लिहीत गेले. वीस झाली, तीस झाली. आवाज कधी डावीकडून यायचा, कधी उजवीकडून. पाचोळ्यावर पाऊल मात्र वाजत नव्हतं. हे मला तेव्हा जाणवलं नाही असं नाही. जाणवलं, पण मान वर करावीशी वाटेना. मी आपली खाली बघून लिहीत राहिले.

"चाळीस... घेर ब्याण्णव... वाळलेलं."

मी तक्त्याखाली रेघ ओढली. "सुटलो बाई. चल, निघू या."

"एकेचाळीस," आवाज आला. माझ्या मानेजवळून.

माझ्या बरगड्यांभोवती काहीतरी गार, अरुंद फिरलं. आवळलं. क्षणभर तसंच धरून ठेवलं, माप नीट वाचावं तसं. मग सुटलं.

"घेर एकोणऐंशी..." आणि बराच वेळ काहीच नाही. जणू तिसऱ्या रकान्यात काय सांगावं ते ठरत नव्हतं.

मी पळाले. तक्ता कुठे पडला, चप्पल कुठे गेली, काही कळलं नाही. दोरीला अडखळून पडले, उठले, पुन्हा पळाले. रस्त्यावर आले तेव्हा जीपच्या पायरीवर भोंगा बसली होती. तळहाताला पट्टी बांधलेली, आणि मोजायची टेप मांडीवर.

"तू... इथे कधी आलीस?"

"केव्हाच! बाराव्या झाडाशी फांदीने हात फाडला माझा. तुला सांगूनच आले ना? 'पट्टी बांधून येते' म्हटलं, तर तू 'बरं, ये सावकाश' म्हणालीस."

मी असं काही म्हणाले नव्हते.

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून हाक आली. स्पष्ट. घाबरलेली.

"भोंगा... अगं मी इकडे आहे. मला सोडून जाऊ नका गं..."

आवाज माझा होता.

भोंगाने माझ्याकडे पाहिलं. मग धुक्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मी तिचा दंड धरला होता. तिने तो हळूच सोडवून घेतला. काका पांढरेफटक पडले होते. जीपची किल्ली हातात असून ते हलेनात. "पोरी," ते मला म्हणाले, "तू... तूच बाहेर आलीस ना?"

काय सांगणार होते मी? रडत "हो" म्हणाले. आतलीही रडत होती.

त्यांनी गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सर आणि चार माणसं जाऊन आली. कोणी सापडलं नाही. भोंगाने महिनाअखेर खोली बदलली. भांडण नाही, तंटा नाही. फक्त माझ्यासोबत एकटी थांबायची नाही.

पण त्याच संध्याकाळचं सांगायचं राहिलं. वसतिगृहावर पोचताच मी घरी फोन लावला. आईने उचलला. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "थांब हं जरा. बाबा आतल्या खोलीत त्यांच्या फोनवर कोणाची तरी समजूत घालतायत, काही ऐकू येऊ देत नाहीत."

आणि तिच्यामागून बाबांचा आवाज ऐकू आला, कासावीस झालेला. "रडू नकोस बाळा. कुठे आहेस तेवढं सांग. मी येतो तुला घ्यायला..."

पुढे त्या फोनवर काय बोलणं झालं, ते बाबांनी मला कधीच सांगितलं नाही. आईलाही नाही. पण तेव्हापासून मी घरी गेले की ते कडी काढण्याआधी दाराआडून मला एक प्रश्न विचारतात. माझ्या लहानपणातला काहीतरी, आम्हा दोघांनाच ठाऊक असेल असा. दर खेपेला नवा.

मागच्या महिन्यात विचारलेल्याचं उत्तर मला आठवलं नाही.