टीपकागदाची पाच मिनिटं

रतनची सुकटीची पाटी गाडीच्या टपावरून पडली, ती नेमकी उतारावरच्या वळणावर.

दिघीहून म्हसळ्याला जाणारी ती सर्व्हिस मोटार. एसटी अजून त्या रस्त्याला लागली नव्हती. दयाराम शेठची ही एकच गाडी सकाळी निघायची आणि तिसऱ्या प्रहरी परत यायची. दर बाजाराला रतन याच गाडीने सुकी मासळी घेऊन जायची. त्या दिवशी भिकू कंडक्टरने दोरी सैल बांधली असावी... धप्पकन आवाज झाला, मागची माणसं ओरडली, आणि गाडी थांबेपर्यंत लाल मातीत जवळा पसरला होता.

रतनने खाली उडी मारली. पदर कमरेला खोचून, भिकूच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती सुकट गोळा करू लागली. इतक्यात समोर आणखी दोन हात आले. मोठे, इंजिनाच्या तेलाने काळवंडलेले. नवा ड्रायव्हर तिच्यासमोर उकिडवा बसून ओंजळी भरभरून सुकट पाटीत टाकत होता. तिने मान वर केली – आणि पुढची शिवी ओठांवरच राहिली.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गालांवरून थेट हनुवटीपर्यंत.

"आता गो बाय!" रतन म्हणाली. "सुकट माझी सांडली, आन् रडतोस तू?"

त्याने बाहीने डोळे पुसले. "रडत न्हाय. वारा लागतो डोळ्यांना."

"वारा तर मलाबी लागतो."

"तुमचे डोळे चांगले हायत..." तो बोलून गेला, आणि आपण काय बोललो हे ध्यानात येताच त्याचे कान लाल झाले.

रतनला हसू आवरेना. वीस वर्षांची ती, कोळीवाड्यातली फटकळ पोर. बाजारात दहाजणींना गप्प करील अशी जीभ. पण त्या घडीला ती नुसती पाटीतले खडे वेचत राहिली.

त्याचं नाव हरेश्वर. म्हसळ्याच्या पलीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. मुंबईत चार वर्षं लॉरी चालवून परत आलेला.

पुढच्या बाजारापासून रतन पुढच्या बाकावर बसू लागली. मागे धक्के फार बसतात, असं तिने भिकूला सांगितलं. भिकूने तोंड फिरवून हसून घेतलं. गाडीच्या पुढच्या काचेची बिजागरी मोडलेली, काच अर्धी वर उचललेलीच असायची, बाजूला काच नव्हतीच. वारा आणि धुरळा सरळ आत. हरेश्वर स्टेअरिंगवर हात रोवून वळणांकडे एकटक बघत राही, आणि दर थांब्याला उतरून तांब्यातलं पाणी डोळ्यांवर मारी.

"डायवर, लगीन झालंय काय?"

"न्हाय."

"मग रोजच्या रोज रडवतं कोन?"

"हा रस्ता."

"रस्ता म्हंजे कोन? गोरी का सावळी?"

"तांबडी हाय," हरेश्वर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "आन् लई वळणं घेते."

मागच्या बाकावरच्या बायका खुदखुदल्या. रतनने पदर तोंडाला लावला.

माघ महिन्यात तो तिच्यासाठी रुमालात बोरं बांधून आणायचा. ती त्याला पळसाच्या पानात सुक्या कोळंबीचे सोडे द्यायची. देताना बोटाला बोट लागायचं... मग तीन मैल दोघं बोलायचे नाहीत.

पण डोळे काही केल्या बरे होईनात. पाणी वाहायचं, आणि पाणी थांबलं की लालबुंद व्हायचे. लोक बघत होतेच, गाडीने ये-जा करणारा बाबाजी खोत तर टक लावून. दारूबंदीचे दिवस, लाल डोळ्यांचा अर्थ लोक एकच लावत. ही कुजबुज वेणूबाईंच्या, म्हणजे रतनच्या आईच्या कानावर गेली.

बोंबील वाळत घालायच्या वलांडीवर टाकता टाकता वेणूबाई म्हणाल्या, "त्या डायवरशी बोलू नगंस."

"का गो आये?"

"त्याचे डोळे बघितलेस? तुझ्या बापाचे तसेच असायचे. भट्टीवरून आला की तसेच." त्यांनी एक बोंबील टाकला, दुसरा टाकला. "प्यायला न् होडीत बसला. होडी परत आली, तो आला न्हाय. ह्या घरात पुन्हा बाटली यायची न्हाय, रतन."

रतनने पुढचा बोंबील त्यांच्या हातात दिला. पण तिला ते पटलं नाही. हरेश्वर गाडी अशी चालवायचा, की परतीच्या वाटेवर तिच्या मांडीवरची अंडी कधी फुटली नव्हती.

त्यानंतरच्या बाजाराला स्टेअरिंगवर दुसराच माणूस होता.

"भिकूदादा, हरेश्वर कुठाय?"

भिकूने मान खाली घातली. "बाबाजी खोतानं शेठकडं तक्रार केली. डायवर पिऊन गाडी हाकतो म्हनून. शेठनं चावी काढून घेतली."

"आन् हरेश्वर काय बोल्ला?"

"तेच तर! काय सुदिक बोल्ला न्हाय. चावी ठेवली न् चालू लागला. आता म्हसळ्याला गॅरेजमागं बसून असतो."

म्हसळ्याला उतरताच रतनने पाट्या शेजारणीच्या हवाली केल्या आणि गॅरेजच्या मागे गेली. हरेश्वर एका जुन्या टायरवर बसला होता. तिला बघून उठला. ती सरळ त्याच्यासमोर गेली, टाचा उंचावून उभी राहिली आणि म्हणाली, "तोंड उघड."

"आं?"

"उघड म्हनते ना!"

त्याने तोंड उघडलं. रतनने नाक पुढे करून हुंगलं, डाव्या बाजूने, मग उजव्या.

"बिडी," ती म्हणाली. "कांदा. आन् मघाशी चहा घेतलास, गुळाचा. दारू न्हाय. मासळीवालीचं नाक हाय हे, तीन दिवसांचा बांगडा लांबून वळखते. मग गप का बसलास रे? पिलो न्हाय म्हनून सांगायचं व्हतं शेठला!"

हरेश्वर पुन्हा टायरवर बसला. त्याने तळहात एकमेकांवर घासले.

"सांगितलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं, मग डोळे लाल का? काय सांगणार?" तो थांबला. "माझा बाप आंधळा हाय, रतन. धा वर्षं झाली. त्याला सुरुवातीला असंच टोचायचं... वाळू गेल्यासारखं. संध्याकाळ झाली की मला समोरचं धुरकट दिसतं. डोळे मिटून उघडले की जरा बरं. दारुडा म्हनले तर लोक चार दिवस बोलतील. आंधळा म्हनले तर गाडी जन्माची गेली."

पहिल्यांदाच त्याने तिला नुसतं 'रतन' म्हटलं होतं. पण आत्ता ते मनात घोळवायला तिला सवड नव्हती.

"डाक्टरला दाखवलंस?"

"न्हाय."

"का?"

"तो खरंच तसं म्हनला तर...?"

रतनने त्याचं मनगट धरलं. भर दिवसा, बाजाराच्या तोंडावर. "चल."

डॉक्टर परकारांचा दवाखाना मशिदीच्या गल्लीत होता. डॉक्टर पन्नाशीचे, पिकल्या दाढीचे, आवाजाने जरबेचे. त्यांनी हरेश्वरला खिडकीपाशी बसवलं, पापण्या उलटवून पाहिल्या, भिंग लावलं, मग भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, फक्त मध्ये मध्ये पापण्या मिटाव्या लागल्या.

"डोळ्यांत काय काय घातलंस आजवर?"

"मध... गुलाबपाणी. एकानं तुरटीचं पाणी सांगितलं."

"तुरटी!" डॉक्टर कडाडले. "पापड करायचे होते काय डोळ्यांचे?"

मग त्यांनी टेबलावरचा टीपकागद घेतला आणि कात्रीने बोटाएवढ्या लांब, अरुंद पट्ट्या कापल्या. टोक दुमडून एकेक पट्टी हरेश्वरच्या खालच्या पापणीत अडकवली. पट्ट्या गालांवर लोंबू लागल्या.

रतन फिसकन हसली.

"हसतेस काय? तू पण बस," डॉक्टर तिच्याही पापण्यांत पट्ट्या अडकवत म्हणाले. "निरोगी डोळा कसा असतो ते याला दिसू दे. समोरासमोर बसा. डोळे मिटा. पाच मिनिटं कुणी उघडायचे नाहीत." त्यांनी घड्याळ काढलं, टेबलावर ठेवलं आणि बाहेरच्या पेशंटकडे गेले.

दोघं बाकांवर समोरासमोर. गालांवर कागदाच्या मिशा, डोळे बंद. बाहेर टांग्याच्या घोड्याचे घुंगरू वाजत होते.

"रतन..."

"बोलू नगंस. कागुद पडंल."

"पडू दे. तुझ्याकडं बघून बोलायची माझी हिंमत न्हाय. आता दिसत न्हाय तवर बोलतो."

तिने बाकाची कड धरली. तुमच्याकडं नव्हे, तुझ्याकडं, असं म्हणाला तो.

"पुढच्या काचेत तुझी सावली दिसते, सकाळच्या उन्हात," हरेश्वर सांगू लागला. "तू हसलीस की सावली हलते. मला रस्त्याकडं बघावं लागतं, म्हनून मी त्या सावलीकडं बघत न्हाय. पर ती हाय हे ठावं असतं... कागदाला लई पाणी लागलं असंल तर समजून घे."

"माझ्याबी लागलंय," रतन हळूच म्हणाली.

"खरं?"

"डोळे उघडू नगंस! डाक्टर मारतील." ती हसत होती, आणि पट्टीखालून एक थेंब ओघळून ओठांपाशी आला होता. "हरेश्वर, ऐक. उद्या डोळे गेले ना तुझे, तरी मी पुढच्याच बाकावर बसनार. वळणं मी सांगीन."

बाकावरून पुढे झालेला त्याचा हात चाचपडत आला आणि तिच्या बोटांवर थांबला. तिने बोटं हलवली नाहीत.

डॉक्टर खाकरले तेव्हा दोघंही दचकले. ते दारात कधीपासून उभे होते, कोण जाणे.

त्यांनी पट्ट्या काढून उजेडात शेजारी शेजारी धरल्या. रतनची पट्टी टोकापर्यंत भिजली होती. हरेश्वरची नखाएवढी ओली, पुढे कोरडी ठाक.

"बघ. तुझा डोळा कोरडा आहे."

"पर डाक्टर, माझ्या डोळ्यांतून तर धारा लागतात!"

"तेच तर लोकांना उमगत नाही. डोळ्यावर दिवसभर पाण्याचा एक पातळ थर असावा लागतो, तेलकट-ओला. तो तुझ्याकडे कमी आहे, म्हणून टोचतं, धुरकट दिसतं. मग वारा लागला की डोळा घाबरतो आणि एकदम भसाभसा पाणी सोडतो. ते वाहून जातं, डोळा पुन्हा कोरडाच. तुझ्या वडिलांचा आजार वेगळा असणार, त्यांना घेऊन ये. तू आंधळा होणार नाहीस. काळजी मात्र घ्यावी लागेल."

हरेश्वरने भिंत धरली. तिथूनच त्याने अक्षरांची शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचून काढली.

डॉक्टरांनी सांगितलं ते रतनने एकेक करून पाठ केलं. रोज सकाळी कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं पापण्यांवर धरायचं, मग पापण्यांच्या कडा हलक्या हाताने पुसायच्या. वळणावर डोळे ताणून बघत राहायचं नाही, आठवणीने पापण्या पूर्ण मिटायच्या. वाऱ्याला चष्मा, कडेने बंद असलेला. मुंबईहून डॉक्टर मागवून देणार ते थेंब दिवसातून चार वेळा. बिडी बंद.

"बिडी...?" हरेश्वर केविलवाणा झाला.

"बंद," रतन म्हणाली. डॉक्टरांच्याही आधी.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि दोघांच्या सोबत स्वतः दयाराम शेठच्या पेढीवर गेले. शेठने चिठ्ठी वाचली, ओलसुकी पट्टी बघितली, पुन्हा चिठ्ठी वाचली.

"डॉक्टरसाब, नजर बराबर छे ने?"

"तुमच्यापेक्षा बरी. तुम्ही ही चिठ्ठी हात लांब धरून वाचताय."

शेठ हसला. त्याने खुंटीवरची चावी काढली आणि हरेश्वरच्या हातात ठेवली. "बाबाजी खोतला मी सांगेन," तो म्हणाला. "तू आधी बोलला असता तर..." आणि पुढच्या काचेची बिजागरी दुरुस्त करून घ्यायचंही त्याने कबूल केलं.

होळी उलटल्यावर एका सुट्टीच्या दिवशी हरेश्वर कोळीवाड्यात आला. धुतलेला सदरा, कडेला चामडं शिवलेला काळा चष्मा. वेणूबाई चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. रतन दाराआड उभी.

"मावशी, तुमची रतन मागायला आलोय. माझी आई पुढच्या आठवड्यात येईल रीतीनं. पर आधी मीच यावं म्हनलं."

वेणूबाईंनी भाकरी थापणारा हात थांबवला. "चष्मा काढ."

त्याने काढला. त्या उठून जवळ आल्या, त्याच्या डोळ्यांत वाकून पाहिलं. लाली होती, पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी.

"दारू पित न्हायस, ते रतननं सांगितलं. डाक्टरानंबी सांगितलं. आता तू सांग. हे डोळे बरे व्हनार काय?"

रतनला वाटलं, हो म्हण. एवढंच म्हण.

"न्हाय मावशी," हरेश्वर म्हणाला. "पुरते बरे व्हनार न्हाईत. जन्मभर सांभाळायला लागतील. ऊन, वारा, धूर... सगळं बघून ऱ्हावं लागंल. पर मी सांभाळतो. एक दिस चुकवत न्हाय. बिडीबी सुटली."

वेणूबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. त्यांच्या नवऱ्याने शेवटच्या दिवसापर्यंत एकदाही कबूल केलं नव्हतं, की आपल्याला काही झालंय.

"बस," त्या म्हणाल्या. "भाकर खाऊन जा."

तो चुलीसमोरच्या पाटावर बसला. तोच वारा फिरला आणि लाकडांचा धूर सगळा त्याच्या अंगावर आला. रतन दाराआडून पुढे आली. तिने त्याला उठवलं, पाट उचलून दाराशी, मोकळ्या हवेत मांडला, ताट तिकडे नेलं, आणि त्याच्या आणि चुलीच्या मध्ये स्वतः बसली.

वेणूबाईंनी ते सगळं पाहिलं. तव्यावरची फुगलेली भाकरी काढून त्यांनी त्याच्या ताटात टाकली, शेजारी तळलेली सुरमई ठेवली.

"तुझ्या आयेला सांग, वैशाखातला मुहूर्त धरू," त्या म्हणाल्या. "आन् रतन, तूबी जेवून घे. त्याच्याबरोबरच बस."