जोन टनेलचं पान

"हे पान छापलं जाणार नाही, केटी," लेम्युएल म्हणाला आणि त्यानं ते पान न्याहारीच्या टेबलावरून बहिणीकडे सरकवलं, जणू उष्टी बशीच परत करत होता.

केटुरा त्या पानाकडे पाहत राहिली... सात वर्षं मेरीलँडच्या त्या लहानशा गावातून ती जिल्ह्याच्या कोर्टात खेपा घालत होती, अडीचशे वर्षांपूर्वीची, कसरीनं पोखरलेली दप्तरं चाळत होती, इंग्लंडात डेव्हनच्या पाद्र्याला पत्रं लिहीत होती. आणि हे सारं, घराण्याच्या इतिहासाचं पुस्तक छापायच्या याच धाकट्या भावाच्या हट्टापायी! यंदा तो न्यायाधीशाच्या निवडणुकीला उभा होता. टनेलांचा मूळ पुरुष जहाजाचा कप्तान होता असं घरातले सगळे ऐकत आले होते, आणि ते त्याला पुस्तकात हवं होतं.

पण दप्तरात कप्तान नव्हताच. होती जोन टनेल... डेव्हनहून आलेल्या जहाजाच्या भाड्यापोटी सात वर्षांसाठी विकली गेलेली, एकोणीस वर्षांची मोलकरीण. लग्नावाचून तिला मुलगा झाला. बाप कोण, असं कोर्टानं विचारलं. तिनं फटके खाल्ले, चाकरीची वाढीव वर्षं पत्करली, पण तोंड उघडलं नाही. मुलाला आईचंच नाव लागलं, आणि त्या मुलापासून पुढचे सगळे टनेल.

"आपलं नाव एका तसल्या... मला तर उच्चारवतही नाही," लेम्युएलची बायको ऑगस्टा म्हणाली.

"मग मी उच्चारते."

"तुम्हाला काय त्याचं? ना नवरा, ना मूल. तुमच्यामागे हे नाव लावणारं आहे कोण?"

लेम्युएलनं मान खाली घातली, पण बायकोला अडवलं नाही. तेच केटुराच्या काळजात रुतलं. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, ती सोळाची. नावा बांधणाऱ्या एसानं तिला दोनदा मागणी घातली. त्याला ओहायोला जायचं होतं, पोराला सोबत न्यायला तो तयार नव्हता. तिनं दोन्ही वेळा नकार दिला, शाळेत शिकवून भावाला वकील केलं, आणि त्या नकाराचं कारण त्याला कधी कळू दिलं नाही. आजही ती त्याबद्दल बोलली नाही.

"रविवारी टनेलांच्या मेळाव्यात वंशावळ मीच वाचणार," ती उठत म्हणाली, "आणि जोनपासून वाचणार. नको असेल तर दंडाला धरून बाहेर काढ मला, लेम. पण सगळ्यांदेखत काढ."

रविवारी चर्चमागच्या ओकच्या झाडांखाली शंभरेक टनेल जमले. केटुरा उभी राहिली. तिनं पहिलं नाव वाचताच चुलतभाऊ पर्नेल खेकडा फोडता फोडता ओरडला, "कप्तान कुठे गेला गं? बुडाला की काय?"

"तो कधी जहाजावर चढलाच नव्हता, पर्नेल."

हशा पिकला, आणि ती पुढे वाचू लागली तसा विरला. ऑगस्टा उठून मोटारीकडे चालती झाली. केटुरा थांबली नाही. मात्र फटक्यांच्या ओळीपाशी आल्यावर तिला अक्षरं पुसट दिसू लागली... लेम्युएल उठून जवळ आला, त्यानं कागदाला हात घातला. तिनं कागद घट्ट धरला.

"फाडायचा असेल तर आधी माझा हात तोड."

"सोड, केटी. मी वाचतो."

त्यानं वाचलं, फटके, वाढीव वर्षं, मुलाचं नाव, सगळं, एकही शब्द न गाळता. मग तो म्हणाला, "ही आपली पहिली आई. आणि मला जिनं वाढवलं त्या या बहिणीनं माझ्यापायी दोनदा लग्न नाकारलं. मी वकील झालो त्याच वर्षी एसाच्या बहिणीनं मला हे सांगितलं होतं, आणि मी बावीस वर्षं ते गिळून बसलो. परवा माझ्याच टेबलापाशी हिचा अपमान झाला, तेव्हाही गप्प राहिलो. आता मतं द्यायची नसतील तर देऊ नका."

केटुरानं डोळे पुसले नाहीत. ते सगळ्यांसमोर खुशाल वाहू दिले. तो तिच्या शेजारी बाकावर बसला, आणि त्यानं हळूच विचारलं, "चाकरीतून सुटल्यावर काय झालं जोनचं?"

"मालकाकडून कुऱ्हाड, झगा आणि तीन पिंपं मका मिळाला. पोराला घेऊन नदीकाठी तिनं घर बांधलं. डेव्हनला परत गेली नाही."

"हे लिहिलंस का?"

"पुढच्याच पानावर आहे," ती म्हणाली. "तू तिथवर वाचलंच नाहीस."