त्यांनी पाठ का फिरवली

"बाबांनी पाठ का फिरवली, एवढंच सांगा," रेलीन म्हणाली.

डोरीनमावशी याच वाळवंटी आदिवासी वस्तीतल्या. आता शहरात खासगी तपास करायच्या. सोबतीला मदतनीस, किनाऱ्याकडचा क्लेम. गाडी झकास हाकायचा, डोकं सावकाश.

कोर्टाची तारीख चुकली म्हणून पोलीस बाबांना न्यायला आले. बाबा अंगणात हात वर करून उभे राहिले. मिनिटभरात गोळी पाठीत.

ठाण्यात रेलीन दाराशीच थांबली.

"भिंतीला पहार होती. ती घ्यायला वळला," गोळी झाडणारा सार्जंट हॅलोरन म्हणाला.

"त्याआधी?"

"त्याची सासू ओरडत फाटकातून आली, माझ्या मागून. म्हटलं, म्हातारे, तिथंच थांब! तेवढ्यात हा वळला."

"चांगले ओळखत होतात त्याला?"

"अकरा वर्षं! दुकानात सासू शिरली की हा मागच्या दाराने पसार. आम्ही हसायचो, गड्याला सासूच पुरते!"

बाहेर क्लेम म्हणाला, "मावशी, पहार तर खरीच होती."

"पोलिसांनीच काढलेला फोटो बघ. देह पालथा, दोन्ही तळहात तोंडावर. पहार कशाने घेणार होता?"

रेलीनची आजी, बाबांची सासू, घरी ओसरीवर बसली होती.

"आजी, त्या दिवशी तुम्हाला कोणी बोलावलं?" मावशींनी विचारलं.

"मी," रेलीनच म्हणाली. "सार्जंट आजीचं ऐकतो, असं वाटलं. त्या घाईत दुसरं काही सुचलंच नाही."

 डोरीनमावशी हळू म्हणाल्या, "आमच्यात जावई सासूला तोंड दाखवत नाही. शेंबडं पोरही हे जाणतं. आजी समोर आल्या. त्याने तोंड झाकलं, पाठ केली. जन्मभर केलं तेच."

"म्हणजे सार्जंटचा गैरसमज झाला?" क्लेमने विचारलं.

"कसला गैरसमज! सासू आलेली त्याला दिसली, त्यानेच तिला थांबवलं. ती आली की जावई काय करतो, यावर तो अकरा वर्षं हसला. पहारीची गोष्ट त्याला नंतर सुचली."

रेलीन आजीकडे वळली. "मी आजीला आणलं नसतं तर..."



"गोळी तू नाही आणलीस, पोरी," आजी म्हणाली. "मला त्याच दिवशी कळलं होतं. तू हेच म्हणशील, म्हणून तोंड शिवून बसले."

तिने रेलीनच्या खांद्याचा आधार घेतला आणि उठली.

"डोरीन, कोर्ट किती वाजता उघडतं?"